ऑरोराचा ‘मंगळवासी’: कात्रण म्हणजे पुरावा नव्हे

१/ ‘वर्तमानपत्रात छापून आले, म्हणजे घडलेच असणार’ हा युक्तिवाद इतिहासाचा नव्हे, भाबडेपणाचा आहे. टेक्सासमधील ऑरोरा गावाच्या कथेवर तो आजही बेधडक लढवला जातो.

२/ १९ एप्रिल १८९७. ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’मध्ये एस. ई. हेडन यांचा मजकूर येतो: दोन दिवसांपूर्वी पहाटे एक हवाई जहाज न्यायाधीश प्रॉक्टर यांच्या पवनचक्कीवर आदळून फुटले. मृत चालक या जगातील नव्हता, टी. जे. वीम्स यांच्या मते तो मंगळावरचा!

३/ आता मजकुराची उलटतपासणी करावी. जहाज कित्येक टनांचे, अनोळखी धातूचे. तुकडे वेचायला लोकांची झुंबड. मानवी इतिहासातील सर्वांत मोठी ही घटना, आणि तिची बोळवण एका लहानशा बातमीत? कारण त्याच अंकात हवाई जहाजांच्या इतरही कथा होत्या. १८९६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात उसळलेली ही लाट तेव्हा टेक्सासात पोहोचली होती.

४/ ऑरोराची खरी शोकांतिका निराळी आहे. १८९१ च्या तापाच्या साथीने गावाची दफनभूमी भरली. रेल्वे गावापर्यंत आलीच नाही. मरू घातलेल्या गावाकडे लक्ष वेधण्यासाठी हेडनने ही कथा रचली, असे तेथीलच एट्टा पेग्यूज यांनी पुढे सांगितले.

५/ दफनभूमीतील सरकारी फलकही वैमानिकाच्या कथेला आख्यायिकाच म्हणतो. काल्पनिक मंगळवासीयाची कबर शोधणाऱ्यांनी साथीत गेलेल्या खऱ्या माणसांच्या कबरी तुडवू नयेत. कात्रण बातमी छापली गेल्याचे सिद्ध करते. घटना घडल्याचे नव्हे.