चहा जरूर घ्या, पण जेवणाबरोबर नको

मुलांचे डबे, पतीचा नाश्ता, सासूसासऱ्यांचे पथ्यपाणी हे सारे आटोपले की गृहिणी चहाचा कप घेऊन घडीभर टेकते. रात्रीची उरलेली पोळी त्या चहात बुडवून खाल्ली की झाला तिचा नाश्ता! महाराष्ट्रात चहापोळी, उत्तरेकडे चहा-पराठा, तर दक्षिणेत इडलीडोशाबरोबर कॉफी. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या सवयीत वावगे ते काय, असे कोणालाही वाटेल. पण जिना चढताना लागणारी धाप, दुपारपासूनच जाणवणारा थकवा, विनाकारण होणारी चिडचिड या तक्रारींचा संबंध कधी कधी या कपाशीही असतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे त्यातले एक मोठे कारण आहे. मासिक पाळीतून दर महिन्याला रक्त जात असल्याने स्त्रीला पुरुषापेक्षा अधिक लोह लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह मिळायला हवे.

ताटात आहे, अंगी लागत नाही

पालेभाज्या, डाळी, बाजरी, तीळ, अळीव या सर्वांत लोह असते. मात्र वनस्पतींमधील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. मांस-मासळीतील लोहाचा काही भाग त्या मानाने सहज शोषला जातो. म्हणूनच शाकाहारी घरात काय खाल्ले याइतकेच ते कशाबरोबर खाल्ले, यालाही महत्त्व आहे.

चहाला तुरट चव येते ती त्यातील टॅनिनमुळे. ही द्रव्ये अन्नातील लोहाला चिकटतात आणि न विरघळणारे संयुग तयार होते. ते आतड्यात शोषले न जाता तसेच बाहेर टाकले जाते. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी पाव, तसेच भात आणि बटाटा-कांद्याचे सूप अशा साध्या जेवणाबरोबर चहा देऊन पाहिला, तेव्हा लोहाचे शोषण घटल्याचे स्पष्ट दिसले.

दूध घातले की चहाचा हा दोष जातो, ही समजूतही खरी नाही. कॉफी, कोको, इतकेच काय, पुदिन्याचा चहासुद्धा जेवणाबरोबर घेतल्यास लोहाच्या वाटेत आडवा येतो.

याचा अर्थ चहा वाईट असा मात्र नव्हे. चहाने तरतरी येते, मरगळ जाते. त्यातील पॉलिफेनॉल या गटातील द्रव्ये आरोग्यालाही उपकारक मानली जातात. चुकते ती वेळ. जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी चहा घेतल्यास त्याचा आनंदही मिळतो आणि जेवणातील लोहही वाया जात नाही.

लिंबाची फोड मोलाची

चहा जे हिरावून घेतो, ते मिळवून देण्याचे काम 'क' जीवनसत्त्व करते. त्यामुळे लोह विरघळलेल्या स्थितीत राहते आणि आतड्याला ते शोषून घेणे सोपे जाते. पोह्यांवर पिळलेले लिंबू केवळ चवीसाठी नसते. पोह्यांत पांढऱ्या तांदळापेक्षा लोह अधिक असते आणि लिंबामुळे ते अधिक प्रमाणात अंगी लागते. वरणभातावर लिंबू, जेवणात टोमॅटो-कोबीची कोशिंबीर, जेवणानंतर पेरूची फोड किंवा ताजा आवळा यांनीही हेच साधते.

'क' जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न पिळता वाढताना पानातच पिळावे. आणि लिंबू पिळले, आता वर चहा प्यायला हरकत नाही, असेही समजू नये. चहाचा परिणाम त्यामुळे पूर्णपणे पुसला जात नाही.

भिजवा, मोड आणा, आंबवा

धान्ये व कडधान्यांतील फायटेट हे द्रव्यही लोहाला अडवून ठेवते. कडधान्ये भिजवून मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने त्याचे प्रमाण कमी होते. मोड आलेल्या मटकीची उसळ, इडली, डोसा, आंबवलेला ढोकळा हे पदार्थ या दृष्टीने उत्तम. लोखंडी कढईत भाजी केल्यास थोडे लोह भाजीत उतरते. टोमॅटोसारखा आंबट पदार्थ असल्यास ते अधिक उतरते. मात्र भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते.

पालकाबद्दलही एक गैरसमज आहे. पालकात लोह असले तरी त्याचा फार थोडा भाग शरीराला मिळतो. त्यामुळे केवळ पालकावर विसंबून न राहता माठ, मेथी, शेवग्याचा पाला अशा भाज्या आलटून पालटून कराव्यात.

गोळी कशाबरोबर घ्यावी?

डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. ती साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळीही चालू असेल, तर दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात.

सतत थकवा वाटत असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ते गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाचे लक्षण समजले जाते. पाळीत होणारा अतिरक्तस्राव, जंत, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणेही त्यामागे असू शकतात. थॅलसेमियाच्या रुग्णांत तर लोह शरीरात साठून अपाय होतो. म्हणून मनानेच गोळ्या सुरू करू नयेत.

रोजच्या आहारातला बदल मात्र आजच करता येईल, आणि त्यासाठी जादा खर्चही नाही. सकाळचा चहा उठल्यावर लवकर घ्यावा. नाश्त्याला पोळीबरोबर चहाऐवजी भाजी आणि लिंबाची फोड असावी. आणि गृहिणीने सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याऐवजी त्यांच्याबरोबरच आपलेही पान वाढून घ्यावे. कारण ज्या लोहाची सर्वांत जास्त गरज तिला आहे, तेच बहुधा तिच्या पानात सर्वांत कमी पडते.