कुलूपबंद घरांची राखण

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, विटे, आटपाडी या भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यानिमित्त देशभर पांगली आहेत. कमाई परप्रांती होते, घर मात्र गावीच बांधले जाते. आणि ते वर्षातील बरेच महिने कुलूपबंद, नाहीतर वृद्ध आईबापांच्या हवाली असते. चोराला याहून अधिक काय हवे? दाराबाहेर लोंबणारे थोरले कुलूप घर राखीत नाही. घर रिकामे असल्याची ते दवंडी पिटते.

कायदा नाही असे नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पण ती चोर सापडल्यानंतरची गोष्ट! दारातच बसविलेले कुलूप, खिडक्यांस गज आणि दागिने बँकेच्या लॉकरात, एवढे घरधन्याने करावेच. लॉकर फुटल्यास बँकेची जबाबदारी २०२२ पासून वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. तरी घरच्या कपाटाहून तो बरा.

पूर्वी गावाची राखण रामोश्याकडे असे. चोराचा माग काढावा, न निघाल्यास भरपाई द्यावी, असा दंडक होता. आज १९६७ च्या कायद्यान्वये नेमलेला पोलीस पाटील आहे. परंतु परगावी निघताना त्यास वर्दी देणारी कुटुंबे किती? बंद घरांची यादी त्याच्याजवळ असावी व रात्रीची गस्त तिच्या धोरणाने घातली जावी, अशी आमची सूचना आहे. ती यादी चावडीवर लावू नये, हेही सांगून ठेवलेले बरे.