कर तिथे, पासपोर्ट इथला, मत कुठेच नाही

पनवेलच्या वडाळे तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना विचारून बघा, आपल्या प्रभागात महापालिकेवर कोण कोण निवडून गेलं. पॅनेलमधली एक-दोन नावं कशीबशी आठवतात, त्यावरही वाद होतो. पेनसिल्व्हेनिया कुणी जिंकलं आणि मिशिगनमध्ये कमला हॅरिस कुठे कमी पडल्या, हे मात्र तोंडपाठ. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सहा डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा कट्ट्यावर त्याची चर्चा चार दिवस चालली. त्यातल्या एका आजोबांनी आयुष्यात अंडं विकत घेतलेलं नाही.

मी हसतो, पण चेष्टा करत नाही. जुन्या पनवेलपासून खांदा कॉलनी, खारघरपर्यंत घरटी नाही तरी इमारतीगणिक एखादं पोर अमेरिकेत आहे. रविवारी सकाळी फोन येतो, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते. महागाई, घरभाडं, कंपनीतली कपात, ट्रम्प, असा क्रम ठरलेला. दुपारपर्यंत तेच मत सोसायटीच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी कट्ट्यावर. ‘माझा मुलगा तिथेच राहतो ना, त्याला माहीत आहे,’ यापुढे कुणाचं काही चालत नाही.

पण या मुलाचं मत ऐकून घेण्याआधी मी हल्ली एक चौकस प्रश्न विचारतो. त्याच्याकडे कुठला कागद आहे? एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्ड की अमेरिकेचा निळा पासपोर्ट? पगार, पिनकोड आणि गाडी एकच असली तरी या तिघांना दिसणारी अमेरिकेची अर्थव्यवस्था एक नसते.

मला हा फरक २००८ मध्ये समजला. मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होतो. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला होता, आणि २९ तारखेला बँका वाचवण्यासाठी आणलेलं ७०० अब्ज डॉलरचं विधेयक प्रतिनिधिगृहात पडलं. डाऊ जोन्स त्या दिवशी ७७७ अंकांनी आपटला. ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीपुढे गर्दी होती. गोरे सहकारी मोठ्याने शिव्या घालत होते. एकाने तिथूनच आपल्या खासदाराच्या कार्यालयाला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला चांगलं झापलं. आम्ही देशी मंडळी मागे उभी, गप्प. आमच्या डोक्यात वेगळाच हिशेब: व्हिसा कधी संपतो, भाड्याचा करार कुठवर आहे, बायकोचं तिकीट आताच काढावं का. फोन करणाऱ्याने वळून मला विचारलं, ‘तू कुणाला देणार?’ मी म्हटलं, मला मत नाही. ‘कर भरतोस ना?’ भरतो. त्याने खांदे उडवले आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

शिव्या घालण्याचाही अधिकार लागतो. त्याची नोकरी गेली असती तर त्याला बेकारभत्ता होता आणि नोव्हेंबरात राग काढायला मतपेटी होती. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली तर त्याचं तिथलं राहणंच बेकायदा ठरत असे, कारण तेव्हा नियमात सवलतीचा एक दिवसही नव्हता. आज जे ६० दिवस मिळतात ते २०१७ पासून. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसं कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा पनवेलच्या किती तरी घरांत कॅलेंडरवर ते ६० दिवस मोजले गेले. मंदीबद्दल अमेरिकन माणूस चिडून बोलतो. व्हिसावाला बोलतो ते दबून, आणि आईवडिलांशी बोलताना तर ‘सगळं ठीक आहे’ एवढंच. कट्ट्यावर पोचतं ते हे ‘ठीक आहे’.

आता याच्या नेमकी उलट बाजू. श्री ठाणेदार हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात हलाखीत वाढलेला हा माणूस १९७९ मध्ये अमेरिकेला गेला, ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. झाला, १९९१ मध्ये सेंट लुईसची केमिर ही छोटी प्रयोगशाळा ७५ हजार डॉलरला घेऊन त्याने ती नावारूपाला आणली. त्यांचं ‘ही श्रीची इच्छा’ हे पुस्तक आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं. २००८ च्या मंदीने त्यांच्या औषधचाचणीच्या कंपनीचं कंबरडं मोडलं आणि २०१० मध्ये बँकेने ताबा घेतला. ठाणेदार मिशिगनला गेले, पुन्हा एक प्रयोगशाळा काढली, तीही चालवून दाखवली. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवून हरले, २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून थेट काँग्रेसमध्ये. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव मांडणारे हेच.

त्यांच्या राजकारणाबद्दल दुमत असू शकतं. स्वतःचे लाखो डॉलर ओतून निवडणुका लढवण्याची त्यांची रीत मला फारशी रुचत नाही. पण या गोष्टीतलं एक साल मराठी वाचक नेहमी ओलांडून पुढे जातो: १९८८. त्या वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले, गेल्यापासून नऊ वर्षांनी. मंदीत सगळं गेलं तेव्हा त्यांना देश सोडायची पाळी आली नाही, दुसऱ्या राज्यात जाऊन नवा धंदा मांडता आला, निवडणुकीला उभं राहता आलं. जिद्द होतीच. तिच्या जोडीला कागद होता.

आजच्या पनवेलकर पोराला तो कागद कधी मिळेल? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण एक लाख ४० हजार ग्रीन कार्डं निघतात आणि त्यात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. म्हणजे आइसलंडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला. परिणाम असा की २०२५ च्या उन्हाळ्यात उच्चशिक्षितांच्या इबी-टू रांगेत ज्या भारतीयांचे अर्ज जानेवारी २०१३ पूर्वीचे होते, त्यांचा नंबर लागत होता. साडेबारा वर्षं रांगेत, ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी आणखी पाच. त्याची तिथे जन्मलेली मुलगी मात्र जन्मानेच नागरिक. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीत २००८ साली जन्मलेल्या अशा मुली पहिल्यांदा मत देतील आणि त्यांचे वडील त्यांना गाडीने केंद्रावर सोडून बाहेर थांबतील.

तोवर हा बाप कर भरत राहतो. आयकर वेगळा, त्याशिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी पगारातून ७.६५ टक्के. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांचा भरणा लागतो. त्याआधी परत आलात तर ते पैसे गेले, कारण भारत आणि अमेरिकेत त्याबाबत करार नाही. गेली कित्येक वर्षं दोन्ही सरकारं त्यावर बोलत आली आहेत. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असं म्हणत ज्या देशाने इंग्रजांशी युद्ध केलं, त्या देशाच्या म्हाताऱ्यांची पेन्शन आपली पोरं भरतात. मत नसलेल्यावर कर लावणं राजकारण्याला किती सोपं जातं, हे मे २०२५ मध्ये दिसलं. परदेशी पैसे पाठवण्यावर ५ टक्के कराचा प्रस्ताव आला, तो फक्त नागरिक नसलेल्यांसाठी होता. पुढे घासाघीस होऊन तो रोखीने पाठवलेल्या पैशांवरच्या १ टक्क्यावर आला, तेव्हा पनवेलच्या बँकांमधल्या एनआरआय खात्यांनी नि:श्वास टाकला.

हे दुखणं जुनं आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असं ठरवलं, मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली जाऊ लागली. सखाराम गणेश पंडित या वकिलाने स्वतःचं नागरिकत्व कोर्टात झुंजून राखलं. दार उघडलं ते १९४६ मध्ये, आणि दहा वर्षांत दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले.

आणि ज्यांना मत मिळालं ते काय करतात? कार्नेगी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत भारतीय-अमेरिकन मतदारांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास हॅरिस यांच्या बाजूचे होते. ट्रम्प यांच्याकडे वळलेले तिशीच्या थोडे पुढे, २०२० पेक्षा ठळकपणे जास्त, आणि तरुण पुरुषांत अधिक. महागाईचा राग खरा होता, जून २०२२ मध्ये तिचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. पण माझ्या ओळखीतल्या, शपथ घेऊन मोकळ्या झालेल्या मराठी लोकांचं बोलणं ऐकतो तेव्हा आणखी एक सूर लागतो: ‘आम्ही नियमाने आलो, आता बाकीच्यांना आवरा.’ पनवेलला रिकाम्या लोकलमध्ये खिडकी पकडून बसलेला माणूस मानखुर्दला चढणाऱ्यांवर खेकसतो, त्यातलाच प्रकार.

आवरायला सुरुवात झाली ती मागच्या डब्यातल्या आपल्याच माणसांपासून. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी एच-वन-बीवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला, लागू २१ तारखेपासून. इथे तेव्हा नवरात्राची तयारी चाललेली. सुटीवर आलेल्या पोरांना कंपन्यांचे मेल आले, चोवीस तासांत परता. शेजारच्या इमारतीतला एकजण आईने केलेला डबा तसाच टेबलावर ठेवून विमानतळाकडे पळाला, तिकिटाला दुप्पट पैसे मोजून. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे. तिथल्या नागरिक मित्रांनी ग्रुपवर लिहिलं, ‘बघा, उगाच घाबरलात.’

त्याच्या आधीच्या महिन्यात भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. त्यातून औषधं वगळली, त्यामुळे तळोज्याचा औषधवाला वाचला आणि मासळी गोठवून पाठवणारा सापडला. वॉशिंग्टनमधली सही तळोज्याच्या फाटकापर्यंत यायला वेळ लागत नाही. म्हणून कट्ट्यावर पेनसिल्व्हेनियाची चर्चा व्हावी, माझी ना नाही.

पण एक विचारतो. तिथे मत नाही हे कळलं. इथे आहे का? कायद्याने आहे. २०१० च्या दुरुस्तीपासून भारतीय पासपोर्ट असलेला परदेशस्थ माणूस आपल्या मूळ पत्त्यावर मतदार होऊ शकतो. अट एकच, मतदानाला जातीने हजर राहायचं. मावळ लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ ला होतं. एका बोटाच्या शाईसाठी न्यू जर्सीहून कोण येणार? देशभरात एक लाख १९ हजारांवर परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, त्यातले २,९५८ आले, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. केरळचा माणूस आखातातून येतो, कारण तिथल्या गावाला आणि पक्षाला तो यावा असं वाटतं. आपल्याकडच्या पक्षांना परदेशस्थांची आठवण येते ती देणगीच्या आणि फ्लॅटविक्रीच्या वेळी.

प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारं विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते आलंच नाही आणि १६वी लोकसभा संपताच बारगळलं. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवता येते, मग दूतावासात नोंदलेल्या नागरिकाला का नाही, याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. दलालांमार्फत मतांची खरेदी होईल ही भीती प्रतिनिधीच्या पद्धतीत खरी आहे, टपाली पद्धतीत कमी. माझं मत टपालाच्या बाजूने, तेही लोकसभा आणि विधानसभेपुरतं. पनवेल महापालिकेने २०१६ पासूनचा मालमत्ताकर मागायचा की नाही, हे मात्र इथे कचऱ्याची गाडी गाठणाऱ्यानेच ठरवावं.

कट्ट्यावरच्या मंडळींना एक काम सांगतो. ज्यांच्या मुलांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी येत्या रविवारच्या फोनवर अंड्यांचा भाव विचारून झाला की त्यांच्याकडून ऑनलाइन फॉर्म ६-अ भरून घ्यावा, मतदारसंघ १८८ पनवेल. पनवेलच्या यादीत असे मतदार काही हजार झाले तर टपाली मताची मागणी इथला उमेदवार स्वतःहून जाहीरनाम्यात घालील. आणि ज्यांच्या मुलांनी तिकडची शपथ घेतली आहे, पण ज्यांची नावं आपल्या इमारतीच्या यादीत अजून तशीच आहेत, त्यांनी फॉर्म ७ भरून ती काढून टाकावीत. परदेशी नागरिकाचं नाव आपल्या मतदारयादीत ठेवणं बेकायदा आहे.

– एक परतलेला पनवेलकर