ग्राऊंड कुणाच्या बापाचं?



मागच्या बैठकीत ठराव झाला. हायस्कूलच्या फुटबॉल ग्राऊंडला बाबासाहेबांचं नाव द्यावं, तसं निवेदन संस्थेला द्यायचं. टाळ्यांत पास झाला. मी हात वर केला नाही. बाहेर आल्यावर दोघातिघांनी तोंडावर विचारलं, काका, तुम्ही पण फुटलात का? फुटलो नाही. पण तिथं पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं ते. म्हणून इथं लिहितो. आधी वाचा, मग शिव्या घाला.

आपल्या वस्तीतली म्हातारी माणसं त्या जागेला ग्राऊंड म्हणत नाहीत. हाडोळा म्हणतात. तुम्हाला तो नुसता जुना शब्द वाटतो. तो सरकारी शब्द आहे. हाडकी हाडोळा म्हणजे मेलेली ढोरं ओढायच्या बदल्यात महारांना तोडून दिलेली जमीन. गावाचं ढोर मेलं की आपण ओढायचं, हाडं तिथंच टाकायची, आणि तीच जमीन पोटाला कसायची. माझी आजी सांगायची, "आरं, हितं नांगर घातला की ढेकळाआधी फासळी वर यायची." असल्या जमिनीवर आपली भावकी पिढ्यान्‌पिढ्या जगली. जगली म्हणजे मेली नाही एवढंच.

ह्या वतनाच्या तुकड्यापायी गावानं आपल्याला रात्रंदिवस राबवलं. सरकारी टपाल न्या, पाटलाच्या घोड्यापुढं पळा, मयताचा सांगावा घेऊन दहा कोस जा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ लाच महार वतन मोडून जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर केल्या. आपल्या मुंबई इलाख्यात १८७४ चा वतन कायदा तसाच छातीवर बसला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बिल आणलं, १९३७ ला पुन्हा आणलं. वतन गेलं कधी? १९५८ च्या कायद्यानं, आणि तो अमलात आला १९५९ ला. तोवर बाबासाहेब गेलेले होते. आकाराच्या पटीत कब्जाहक्काची रक्कम भरायची आणि जमीन आपल्या नावावर परत घ्यायची, अशी तरतूद. पण नव्या शर्तीनं. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, वाटून देता येणार नाही. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आज्यानं ती रक्कम भरली. कुठून भरली ते विचारू नका. आजीच्या हातात नंतर कधी पाटली दिसली नाही.

मग डिसेंबर १९६४ उजाडला. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. गायरानं, पडीक जमिनी कसणाऱ्याला द्या म्हणून देशभर माणसं जेलात गेली. माझा बापही गेला. वस्तीतले दांडगे गडी सगळे आत. आणि नेमकं त्याच थंडीत हायस्कूल काढणारे पुढारी वस्तीत आले. खादीतले. गांधींचं नाव घेणारे. पोत्यावर बसले, आमच्या घरचा चहा प्यायले. (त्या चहाचं कौतुक आमची माणसं पुढं वीस वर्षं सांगत होती. एक कप चहा!) म्हणाले, तुमचीच पोरं शिकतील, तुमचीच पोरं खेळतील, शाळेला पटांगण पाहिजे. आज्याचा अंगठा, चुलत आज्याचा अंगठा, आणि उरलेल्या हिस्सेदारांचे अंगठे. कागदावर लिहिलं, स्वखुशीनं बक्षीस. बाप दुसऱ्याच्या गायरानासाठी जेलात, आणि इकडं घरचा हाडोळा स्वखुशीनं गेला.

बाप सुटून आला तेव्हा आज्याला एक शब्द बोलला नाही. फक्त त्यानं त्या बाजूनं जायचंच सोडलं. स्टँडवर जायचं असलं तरी वळसा घालून जायचा.

जागा उंचसखल होती. सपाट कुणी केली? १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामात आपल्या बायांनी त्या जागेवर खडी फोडली, माती वाहिली. माझी आई त्यात होती. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी पदरात बांधून घरी आणायची. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात लिहिलंय, लोकसहभागातून क्रीडांगण तयार झाले. लोकसहभाग! माझ्या आईच्या हाताला शेवटपर्यंत घट्टे होते, ते लोकसहभागाचे.

मी आठवीत गेलो तेव्हा पीटीला नवे सर आले. कोल्हापूरकडचे होते. त्यांनी क्रिकेट बंद करून फुटबॉल सुरू केला. एका चेंडूत बावीस पोरं खेळतात, बॅट नको, पॅड नको, हा त्यांचा हिशोब, आणि तो बरोबर होता. गोलपोस्टचे खड्डे खणायला आम्हालाच काढलं. दोन हातांवर हाडं लागली. सर बाजूला झाले, नाकाला रुमाल लावला. आम्ही हाडं वेचून ओढ्याला टाकली आणि खांब उभे केले. आजीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "तुमचंच वतन हाय ते, टाका उचलून."

सरांचं एक आवडतं भाषण होतं. १९११ साली मोहन बागानच्या पोरांनी, बहुतेक सगळ्या अनवाणी पोरांनी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना दोन-एकनं हरवून शील्ड जिंकली. ऐकताना अंगावर काटा यायचा. आम्हीही अनवाणी होतो. पण त्याच १९११ साली पळवणकर बाळू नावाचा चर्मकाराचा पोरगा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि शंभरावर विकेटा काढून आला, हे सरांनी एकदाही सांगितलं नाही. तो पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करत गोलंदाजी शिकला. हिंदूंच्या संघानं त्याला घेतला, कारण जिंकायचं होतं. चहाला मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. कप्तानी त्याला कधीच दिली नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ ला दिली, तीही भांडण झाल्यावर. पुढं १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. ते त्याचं चुकलं. पण त्याच्या हातातला चेंडू आणि त्याच्या हातातलं मातीचं भांडं, दोन्ही आपलीच आहेत.

आमच्याकडं मातीचं भांडंही नव्हतं. हाफटाइमला माठ यायचा. बाकीच्यांना पितळी पेला. आम्हा तिघांना वरून ओंजळीत. १९७६ साल होतं. त्याच वर्षी दिल्लीत अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा सुधारून त्याला नागरी हक्क संरक्षण असं भारदस्त नाव दिलं. आमच्या ओंजळीपर्यंत ते नाव काही आलं नाही. तालुक्याच्या फायनलला मी गोल मारला, पोरांनी मला खांद्यावर घेतला, आणि पाच मिनिटांनी त्याच पोरांनी पेला माझ्यापासून लांब सरकवला. मी पाणी न पिता घरी आलो. पुन्हा खेळायला गेलो नाही. आज वाटतं, चुकलं. पेला हिसकावून प्यायला पाहिजे होतं. पण चौदा वर्षांच्या पोराला एवढं कुठं सुचतं?

आता आजचं बघा. वस्तीच्या बाजूला भिंत झाली, वर काचा लावल्या. गेटला कुलूप आहे. सकाळी संस्थेचे सभासद पास दाखवून फिरायला जातात. लग्नं होतात, आमदाराच्या सभा होतात, दांडिया होतो. आपण १४ एप्रिलला मागितलं तर उत्तर आलं, शैक्षणिक वातावरण बिघडेल. गेटवर पाटी आहे, बाहेरील व्यक्तींस सक्त मनाई. बाहेरील! गावकुसाबाहेरील म्हणायचं राहिलं एवढंच. आणि रस्त्याकडच्या पट्टीवर दुकानगाळ्यांची आखणी झालीय, चुन्याच्या रेघा मारल्यात. कोपऱ्याचा झेंडा जिथं लागायचा तिथं आता मोबाईलचं दुकान येणार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान असलं पाहिजे असं लिहिलंय, पण ते वाचायला कुणाला सवड आहे?

आता मला सांगा, ह्या लोकांकडं आपण नाव मागायचं? ते खुशीनं देतील. कमान बांधतील, हार घालतील, आपल्यातल्याच एकाला स्टेजवर खुर्ची देतील. कमानीच्या मागं गाळे उभे राहतील. कमानीच्या गेटला तेच कुलूप, आणि आपली पोरं कमानीखाली हात जोडून बाहेर उभी. नावाच्या लढाईला मी हलकं लेखत नाही. मराठवाड्यात १९७८ पासून १९९४ पर्यंत माणसांनी त्यासाठी जीव दिले, घरं जाळून घेतली. पोचीराम कांबळे विसरणारी अवलाद आपली नव्हे. पण तिथं नाव द्यायला प्रस्थापितांचा जळफळाट होत होता. इथं ते नाव द्यायला एका पायावर तयार आहेत. का, ह्याचा विचार करा.

मी सातबारा काढला. कब्जेदाराच्या रकान्यात संस्था. इतर हक्कात अजून बारीक अक्षरात आहे, नवीन शर्त. मग कलेक्टरची परवानगी कुठंय? स्वखुशीच्या बक्षिसाला परवानगी घेतली होती का? तलाठी म्हणतो, जुनं रेकॉर्ड आहे, बघावं लागेल. बघा ना मग.

इथं आपल्याच घरातली एक गोष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. भावकीतले काहीजण म्हणतात, केस टाका, जमीन आली की प्लॉट पाडू, गुंठ्याला भाव आलाय. एका बिल्डरचा माणूस दोन घरांत चहा पिऊन गेलाय. पुन्हा चहा! आणि कायद्याचं खरं सांगायचं तर शर्तभंग सिद्ध झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, आपल्या हातात तुकडाही येणार नाही. मी म्हणतो, येऊ नये. मला प्लॉट नको. आज्याच्या अंगठ्याच्या बदल्यात जे कबूल केलं होतं तेवढंच पाहिजे. तुमचीच पोरं खेळतील. त्यासाठी जागा खुलं क्रीडांगण म्हणून राहिली पाहिजे, गाळे रद्द झाले पाहिजेत, आणि वस्तीच्या बाजूला गेट पाहिजे. त्या गेटची एक किल्ली वस्तीत. हे मान्य झालं की मग नाव द्या, मी स्वतः कमानीला खड्डा खणतो. खणायची सवय आहे.

पोरी बाहेर उभ्या राहू नयेत, हेही लिहून घ्या. माझ्या नातीला खेळायचंय. ती रोज त्या भिंतीवर चेंडू मारते, बाहेरून.

सोमवारी अकरा वाजता तहसील कचेरीत जातोय. जुन्या फेरफाराच्या आणि बक्षीसपत्राच्या नकला मागायच्या आहेत, अर्ज तयार आहे. ज्यांच्या आज्या-पणज्याचे अंगठे त्या कागदावर आहेत त्यांनी वारसनोंदीचे उतारे घेऊन यावं. नकलेची फी भरायला लागते, तेव्हा जमेल तेवढी वर्गणी खिशात ठेवा. निवेदनाचा ठराव तोवर थांबवावा, ही विनंती.