डायलिसिस मिळालं, ताटाचं काय?

बायकांच्या आहाराबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. पण आपलं बोलणं बहुतेक वेळा किशोरवयीन मुली आणि गरोदर बायका इथंच थांबतं. सरकारचंही तसंच. १९७५ साली अंगणवाड्या सुरू झाल्या त्या लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी. २०१५ साली महाराष्ट्रात अमृत आहार योजना आली, तीही आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. या योजना हव्यातच. पण मूल होण्याचं वय संपलं, की बाईच्या ताटात काय पडतं याची चौकशी कुणीच करत नाही. तिची किडनी निकामी झालेली असली तरीही.

कोल्हापुरात संघटनेच्या कामात डायलिसिसवरच्या वयस्क बायका मला भेटत असतात. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या गावांतून त्या एसटीनं येतात, चार तास यंत्राला जोडलेल्या राहतात, पुन्हा एसटीनं घरी जातात. उपचाराचा खर्च पुष्कळींचा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. ही फार मोठी गोष्ट आहे. पण "काय जेवता?" असं विचारलं, की उत्तर एकच येतं, "डाळ बंद, अंडी बंद. डाक्टरांनी सांगितलंय." कधी सांगितलं? "मशीन लागायच्या आधी."

घोटाळा इथंच आहे. किडनी कमजोर असते, पण डायलिसिस सुरू झालेलं नसतं, तेव्हा प्रथिनं कमी खायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटा होतो. रक्त गाळणाऱ्या यंत्राला टाकाऊ काय आणि कामाचं काय हे कळत नाही. प्रथिनं ज्यांपासून बनतात ती अमिनो आम्लं दर खेपेला साधारण ६ ते १२ ग्रॅम निघून जातात. आजारानं रक्तात आम्लता वाढते, अंगात दाह राहतो. त्यानं स्नायू झिजतात. त्यात म्हातारपणी शरीर खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू सहजासहजी बनवत नाही. म्हणून अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ४५ किलोच्या बाईला ४५ ते ५४ ग्रॅम. दोन भाकऱ्या आणि पातळ आमटीत याच्या निम्मंही भरत नाही. शिवाय पोटभर अन्नच नसेल, तर असलेली प्रथिनंही शरीर सरपणासारखी जाळून टाकतं.

ही झीज चटकन दिसत नाही. अंगात पाणी साठतं, वजनाचा काटा तोच राहतो, घरचे म्हणतात, "आई बरी आहे." आत दंड-मांड्या वाळत जातात. मग एक दिवस बाथरूममध्ये पडणं होतं.

यात बाई असण्याचा भाग किती? माझ्या मते पुष्कळ. पथ्याचा कागद मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात दिला जातो, तिच्याशी कुणी बोलत नाही. घरात पांढरा रस्सा शिजला तरी मटणाचे तुकडे कुणाच्या वाट्याला येतात हे आपल्याला ठाऊक आहे. एकादशी, नवरात्र ती सोडत नाही. साबुदाण्यात प्रथिनं नावाला आणि बटाटा-खजुरात तिला बाधणारं पोटॅशियम भरपूर. आणि सगळ्यांत खोल रुजलेलं म्हणजे, "माझ्यावर आधीच एवढा खर्च होतोय, आणि अंडी कशाला?"

मग डॉक्टर पावडरचा डबा लिहून देतात. यावर आपल्या काही मैत्रिणी म्हणतील, ही औषध कंपन्यांची धन. शंका रास्त आहे. पूरक आहारानं पोषण सुधारतं, पण आयुष्य वाढतं हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. व्यायामशाळेतल्या मुलांची पावडर तर या बायकांनी घेऊच नये. पण ज्यांचं जेवणच जात नाही, त्यांना डायलिसिसच्या रुग्णांसाठीचा पूरक आहार उपयोगी पडतो. बाकीच्यांसाठी आधी घरचं ताट सुधारावं. अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास चांगलं प्रथिन असतं आणि फॉस्फरस फार थोडा. डाळ, दही, मासे किती घ्यायचे, हे प्रत्येकीच्या रक्ततपासणीवरून ठरवायला हवं. ते ठरवायला आहारतज्ज्ञ हवी.

क्षयरोग्यांना आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. औषध पोटात जायचं तर अन्नही जायला हवं, हे सरकारनं तिथं मान्य केलं आहे. मग डायलिसिसवरच्या गरीब रुग्णाला का नाही?

आपण तीन गोष्टी मागू या. प्रत्येक केंद्रात आहारतज्ज्ञ, जी महिन्यातून एकदा तरी त्या बाईशीच बोलेल. ज्यांचा रक्तदाब उतरत नाही त्यांना डायलिसिसच्या वेळीच प्रथिनयुक्त खाणं. आणि योजनेतच आहारभत्ता, तिच्या स्वतःच्या खात्यात.

मागणी मान्य होईपर्यंत थांबायचं कारण नाही. आपापल्या गटात, वस्तीत डायलिसिसवर कोण आहे ते शोधा. तिचा पथ्याचा कागद डायलिसिसच्या आधीचा आहे का नंतरचा, एवढं बघा. आधीचा असेल तर तिच्याबरोबर जाऊन नवा लिहून घ्या.