आधी थांबणं, मग पळणं

वडवणी-तेलगाव रस्त्यावर गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या समोर उभ्या ठाकतात, तेव्हा गाडीचा वेग नव्हे, ब्रेक जीव वाचवतो. २००२ साली उत्पादन थांबलेली कॉन्टेसा कार हौसेने जपणाऱ्यांनी पॉवर ब्रेक बदलताना केवळ मोठा बूस्टर पाहून भुलू नये. बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो; पण जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट टाकला असेल तर कमी पडतो, आणि डिझेल इंजिन बसवलं असेल तर वेगळा पंप लागतोच. म्हणून आधी गेज लावून व्हॅक्यूम मोजा. मास्टर सिलिंडरही बूस्टरच्या जोडीने निवडा. त्याचा बोअर वाढला की पेडल कमी खाली जातं, पण पायाला जोर जास्त लागतो. इंजिनावर पैसा ओतण्याआधी ब्रेकवर खर्च करा.