फक्त एकदा इकडे बघा!

मंडळी, परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने दोन गोष्टी चारचौघांत कधी कबूल करू नयेत. एक, आपल्याला तबला येतो. आणि दोन, आपल्याकडे चांगला कॅमेरा आहे. आम्ही दुसरी चूक केली.

न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या मित्राच्या मुलीचं लग्न. संध्याकाळच्या रिसेप्शनला धंदेवाईक फोटोग्राफर ठरलेला. पण मुहूर्त सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांचा, देवळाच्या हॉलमध्ये, मोजक्या साठ माणसांत. "सकाळचं तू बघ रे! तुझा कॅमेरा आहेच की," मित्र म्हणाला. आम्ही प्रामाणिकपणे सांगितलं, की आजवर आम्ही फक्त नायगारा टिपलाय. तो कितीही उसळला तरी जागा सोडत नाही. मित्र हसला आणि आमची झोप उडाली. कारण फोटो चुकला म्हणून अंतरपाट काही कोणी दुसऱ्यांदा धरत नाही!

मग तयारीला लागलो. एका शनिवारी बरोबर त्याच वेळेला हॉल पाहून आलो. डोळ्यांना लख्ख वाटणारा हॉल कॅमेऱ्याला तिन्हीसांजेसारखा दिसतो, हे तिथे कळलं. आयएसओ १६०० वर नेला तेव्हा कुठे शटर १/२०० सेकंदावर आलं. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील; नवरी हललेली चालणार नाही. गुरुजींना फोन करून विधींचा क्रम लिहून घेतला. ते म्हणाले, "फ्लॅश छताकडे वळवा, माझ्या डोळ्यांवर नको. बाकी कल्याणच आहे."

घरी रंगीत तालीम झाली. दोन लोड वधूवर झाले, नातवंडांनी चादर धरली, सौ.ने तांदूळ उधळले. आम्ही वराच्या पाठीमागे उभे राहिलो, तर कॅमेऱ्याने चादरीवरच नजर रोखली. चादर खाली आली तरी तो बिचारा तिलाच शोधत बसला! शेवटी बाजूला उभं राहून दोघांच्या चेहऱ्यांवर आधीच फोकस धरून ठेवायचा, असं ठरलं. सूनमुखाची तालीम तर विचारूच नका. आरशात सुनेऐवजी आमचंच पोट आलं. तिथे तिरकं उभं राहायला हवं, हा धडा मिळाला.

जादा बॅटऱ्या चार्ज केल्या. कॅमेऱ्यात दोन कार्डं घालून प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरेल अशी सोय केली. वहिनींनी पाठवलेली फोटोंची यादी पाठ केली: गौरीहार, मंगळसूत्र, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी. झाली की तयारी! आम्ही खुशीत सौ.ला यादी वाचून दाखवली.

ती काहीच बोलली नाही. उठली आणि आमच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली. सांगली, १९८६. पंगतीचा एक फोटो काढून तिने कडेला बोट ठेवलं. तिथे तुपाचं भांडं धरलेला एक हात आहे, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. माणूस फोटोच्या बाहेर.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

आई आधीच गेलेली, म्हणून तिचं कन्यादान काका-काकूंनी केलं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. बाबा दिवसभर कोठीघर आणि पंगत सांभाळत राहिले. फोटोग्राफरने स्टेजवरचं सगळं काढलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. इतक्या वेळा तो अल्बम चाळला, पण तो हात कोणाचा, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्या रात्री आम्ही मित्राला फोन केला. आयएसओ-शटरचं काही बोललो नाही. विचारलं, "त्या दिवशी स्टेजवर कोण नसेल?" तो गोंधळला. मग आठवून आठवून सांगू लागला: पार्किंग सांभाळणारा मामा, पहाटे उठून साठ माणसांचा मसालेभात करणाऱ्या दोन शेजारणी, पादत्राणांपाशी बसणारे काका, आणि गुडघ्यांमुळे मागच्या खुर्चीवरून न हलणारी आजी. आम्ही लिहून घेतलं. आता आमच्या यादीत ही माणसं सर्वांत वर आहेत, गौरीहाराच्याही आधी. लग्न येत्या शनिवारी आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी आम्हाला कॅमेरा घेऊन उभं पाहिलंत, तर "माझा कशाला, नवरीचा काढा" म्हणून पळू नका. केस सारखे करू नका, हातातलं भांडं खाली ठेवू नका.

फक्त एकदा इकडे बघा.